इमेज कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायच्या? द्राक्षाच्या पानांच्या निमित्ताने

एका एम.टेक.च्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "मॅडम, द्राक्षाच्या पानांवरचे डावणी आणि भुरी हे रोग फोटोवरून ओळखणारं मॉडेल करतोय. चार हजारांच्या आसपास फोटो जमलेत. काही माझ्या फोनवरचे जेपेग आहेत, काही मित्राच्या आयफोनवरचे एचईआयसी, आणि बरेचसे शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले. गाइड म्हणतात, सगळं पीएनजी करून टाक, रिसर्चला पीएनजीच लागतं. सीनियर म्हणतो, जेपेगच राहू दे, इमेजनेट हा एवढा मोठा डेटासेटसुद्धा जेपेगमध्येच आहे. कॉम्प्युटर व्हिजनमध्ये स्टँडर्ड फॉरमॅट नक्की कुठला धरायचा?"

असा एकच फॉरमॅट नाही. गाइड आणि सीनियर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तुमची खरी अडचण दोघांच्याही नजरेतून सुटलेली दिसते. तिच्याकडे येतेच. घाईत असाल तर आधी एवढं करा: कॅमेऱ्यातून जी फाइल आली ती आहे तशी जपा, तिला हात लावू नका. तिच्यातून पुढे जे कापाल, लहान कराल, ते पीएनजीत ठेवा. मास्कच्या आणि लेबलच्या इमेज, म्हणजे कुठला पिक्सेल कशाचा हे सांगणाऱ्या इमेज, कुठल्याही कारणाने जेपेगमध्ये ठेवू नका. आणि फाइलमधल्या आकड्याचा अर्थ काय, हे शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

आता कारणं सांगते. आपल्या कामात पिक्सेल म्हणजे मोजमाप. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेटचं रीडिंग वहीत उतरवताना कुणी '१२.४च्या ऐवजी १२ लिहू, वाचायला बरं दिसतं' असं म्हणत नाही. इमेजच्या बाबतीत मात्र आपण हे रोज करतो, कारण पडद्यावर फोटो तसाच दिसतो. फॉरमॅट निवडताना मी एकच गोष्ट बघते: सेन्सरपासून मॉडेलपर्यंतच्या वाटेत माझा आकडा कुणी बदलला का, आणि बदलला असेल तर ते मला माहीत आहे का.

जेपेगपासून सुरुवात करू. हे प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, १९९२ सालचं. ते तयार करताना समोर माणसाचा डोळा होता. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितकासा कळत नाही. म्हणून जेपेग आधी लाल-हिरवा-निळा हे तीन आकडे बदलून एक उजेडाचा आणि दोन रंगाचे असे तीन आकडे करतं. मग बहुतेक वेळा शेजारशेजारचे चार पिक्सेल, दोन आडवे दोन उभे, एकत्र घेऊन त्या चौघांना रंगाची एकच जोडी देतं. उजेडाचे चार आकडे राहतात, रंगाचे आठ होते त्यांचे दोन होतात. म्हणजे बाराच्या जागी सहा. खरं कॉम्प्रेशन सुरू होण्याआधीच निम्मा माल गेला. यानंतर आठ बाय आठचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळ्यातली हळू बदलणारी आणि झपाट्याने बदलणारी नक्षी वेगळी काढली जाते, तिचे आकडे एका तक्त्याने भागून पूर्णांकात आणले जातात, आणि बारीक नक्षीचे बहुतेक आकडे त्या भागाकारात शून्य होतात. क्वालिटी जितकी कमी तितके तक्त्यातले भाजक मोठे.

हे तुमच्या पानावर लावून बघा. डावणीची सुरुवात पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळसर, तेलकट डागाने होते. हिरव्या पानावरच्या पिवळसर डागाचा उजेड आजूबाजूच्यापेक्षा फार वेगळा नसतो, फरक मुख्यतः रंगात असतो. आणि जेपेग रंगावरच सगळ्यात आधी हात मारतं. भुरीचं दुखणं निराळं. तिथे पांढुरकी, बारीक पावडर असते, म्हणजे कमी उठावाची बारीक नक्षी, जी जास्त कॉम्प्रेशनमध्ये शून्य होणाऱ्या आकड्यांत बसते. म्हणजे तुम्हाला जे शोधायचं आहे, नेमकं तेच या फॉरमॅटला बिनमहत्त्वाचं वाटतं.

पण यावरून जेपेग टाकाऊ ठरत नाही. सगळं डागाच्या आकारावर आहे. पानाचा फोटो वीतभर अंतरावरून घेतला असेल आणि डाग दोनशे पिक्सेलचा असेल, तर फोनने चांगल्या क्वालिटीत साठवलेल्या जेपेगमध्ये काही अडत नाही. पूर्ण वेलीचा फोटो दहा फुटांवरून घेतला असेल आणि डाग आठ-दहा पिक्सेलचा असेल, तर तो जेमतेम एका ठोकळ्याएवढा आहे. तिथे माझी जेपेगवर भिस्त नसते. हे माझ्या शब्दावर घेऊ नका, करून बघा. तुमच्याकडच्या सगळ्यात स्वच्छ फोटोतून डागाचा एक तुकडा कापा, तो क्वालिटी ९५ ला आणि ५० ला साठवा, परत उघडून मूळ तुकड्यातून वजा करा, फरकाला दहाने गुणा आणि पडद्यावर लावा. ठोकळ्यांच्या रेघा कुठे उमटतात आणि डागाची कड कुठे विरघळते, ते डोळ्यांनी दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते.

एक बारीक गोष्ट यातच सांगून ठेवते. ओपनसीव्ही आणि पिलो या इमेज वाचायच्या-लिहायच्या दोन लायब्ररी. जेपेग लिहिताना तुम्ही काही सांगितलं नाही तर ओपनसीव्ही ९५ क्वालिटी धरतं, पिलो ७५ धरतं. म्हणजे कोडमध्ये लायब्ररी बदलली की तुमचा डेटा बदलला, आणि कुठे एररही येत नाही. शिवाय क्वालिटीचा आकडा म्हणजे काही सार्वत्रिक माप नाही, एका सॉफ्टवेअरचं ८० दुसऱ्याच्या ८०शी जुळेलच असं नाही.

आता गाइडच्या सल्ल्याकडे येऊ. पीएनजी १९९६ साली आलं. जिफमध्ये वापरलेल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिसचं पेटंट होतं आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याचे पैसे मागायला सुरुवात झाली, म्हणून लोकांनी पेटंटमुक्त पर्याय उभा केला. त्यात काही गमावलं जात नाही: जे आकडे आत घालाल तेच बाहेर येतात. एका चॅनेलला आठच नाही तर सोळा बिटही ठेवता येतात, याचं महत्त्व पुढे कळेल. पण जेपेगचं पीएनजी केल्याने गेलेलं परत येत नाही. ठोकळे तसेच राहतात, फक्त आता ते मोठ्या फाइलमध्ये जपले जातात. १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की ४००० गुणिले ३००० गुणिले ३, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट. फोनचं जेपेग साधारण तीन-चार एमबीत बसतं, त्याच फोटोचं पीएनजी सहज पंधरा-वीस एमबीच्या घरात जातं. चार हजार फोटोंना गुणून बघा. हार्ड डिस्क भरेल आणि माहिती एका बिटानेही वाढणार नाही.

पीएनजी कुठे उपयोगी, तर मधल्या टप्प्यांवर. पान कापून घेतलं, ५१२ बाय ५१२ केलं, उजेड सारखा केला, की जे तयार झालं ते पीएनजीत लिहा, म्हणजे पुन्हा जेपेगच्या फेऱ्यात जाणार नाही. आणखी एक कारण आहे, जे फार कमी जण सांगतात. जेपेगच्या प्रमाणात फाइल उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला थोडी सूट आहे. त्यामुळे एकच फाइल दोन लायब्ररींनी उघडली तर काही पिक्सेल एखाद-दोन अंकांनी वेगळे येऊ शकतात. पीएनजीत ही शक्यताच नाही. तुमचे निकाल दुसऱ्या कुणी तंतोतंत पुन्हा काढावेत असं वाटत असेल, तर ट्रेनिंगला जाणारी अंतिम प्रत पीएनजीत हवी.

आता ती खरी अडचण. तुमचे डावणीचे फोटो कुठून आले आणि निरोगी पानांचे कुठून? शेतकरी फोटो पाठवतो तो रोग दिसला म्हणून. निरोगी पानाचा फोटो कोण कशाला पाठवेल? म्हणजे तुमचे रोगट फोटो बहुतेक व्हॉट्सॲपवरचे असणार आणि निरोगी तुम्ही स्वतः बागेत जाऊन काढलेले. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो लहान होतो, पुन्हा जेपेगमध्ये दाबला जातो, आणि त्याची एक्झिफ माहितीही (फोन कुठला, कधी, कुठे काढला अशा फाइलमधल्या नोंदी) जाते. आता मॉडेलला डावणी शिकायची गरजच उरत नाही. 'जास्त दाबलेला फोटो म्हणजे रोग' एवढं शिकलं तरी टेस्टमध्ये ९५ टक्क्यांच्या वर अचूकता दिसेल, आणि बागेत नेल्यावर मॉडेल कोसळेल. सगळं पीएनजी केलं तर हा भेद फाइलच्या नावावरून पुसला जाईल, पण ठोकळ्यांच्या खुणा पिक्सेलमध्ये तशाच राहतील. माणसाला दिसणार नाहीत, मॉडेलला दिसतील. म्हणून गाइडचा सल्ला या ठिकाणी धोकादायक आहे: तो पुरावा लपवतो, दोष तसाच ठेवतो.

हा काही काल्पनिक धोका नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या इमेज ओळखण्याच्या संशोधनात अगदी हेच घडलं आहे: खरे फोटो जेपेगमध्ये, बनावट इमेज पीएनजीमध्ये, आणि मॉडेल खरं-खोटं ओळखण्याऐवजी जेपेगच्या खुणा ओळखायला शिकलं.

तपासायला सोपी युक्ती आहे. पिक्सेलला हात न लावता फक्त फाइलची माहिती घ्या: लांबी-रुंदी, बाइटमधला आकार, जेपेगच्या तक्त्यातले भाजक, एक्झिफ आहे की नाही. एवढ्यावर एक छोटा डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांनी निर्णय घेणारं साधं मॉडेल) शिकवा आणि रोग ओळखता येतो का बघा. अंदाजपंचेपेक्षा बरा निकाल आला, तर तुमच्या डेटासेटमध्ये चोरवाट आहे. उपाय म्हणजे निरोगी पानंही त्याच वाटेने आणणं, किंवा शेतकऱ्यांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगणं, तसं केलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते. आणि ट्रेन-टेस्टची वाटणी फोटोंवर न करता बागांवर आणि फोनवर करा. एका बागेचे फोटो दोन्हीकडे नकोत.

आयफोनच्या फोटोंबद्दल. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन एचईआयसीत साठवतो. ओपनसीव्ही ते सरसकट उघडत नाही, पिलोलाही जोडीला वेगळं पॅकेज लागतं. एचईआयसीतही माहिती गमावली जातेच, त्याचं जेपेग केलं तर दोन वेगळ्या पद्धतींची हानी एकावर एक बसते. आहेत त्यांचं थेट पीएनजी करा. पुढच्या फेरीसाठी मित्राला फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगा, मग फोन स्वतःच जेपेग देईल. आयफोनच्या फोटोंत 'डिस्प्ले पी३' नावाचं रंगाचं प्रोफाइलही असतं, म्हणजे आकडा कुठला रंग दाखवतो याची नोंद. ओपनसीव्ही हे प्रोफाइल न बघता आकडे उचलतं, त्यामुळे एकाच पानाचा हिरवा रंग आयफोनमध्ये एका आकड्यांनी येतो आणि दुसऱ्या फोनमध्ये दुसऱ्या. तुमचं सगळं काम पिवळसर-हिरव्या फरकावर उभं आहे, तेव्हा रूपांतर करतानाच सगळं एसआरजीबी या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये आणा.

एक्झिफमधली दिशाही बघा. फोन उभा धरून फोटो काढला तरी फाइलमध्ये तो अनेकदा आडवाच असतो, सोबत एक खूण असते की दाखवताना वळवून दाखवा. ओपनसीव्ही नेहमीच्या वाचनात ती खूण मानून इमेज वळवतं. पिलो वळवत नाही, तुम्हाला वेगळं सांगावं लागतं. आमच्याकडे एकदा फोटोतल्या वस्तूंभोवती चौकटी आखायचं काम ब्राउझरमधल्या टूलवर झालं, तिथे फोटो सरळ दिसत होते. ट्रेनिंगचा कोड पिलोवर होता. उभ्या फोटोंच्या सगळ्या चौकटी भलत्या जागी पडल्या, आडव्यांच्या बरोबर होत्या. मॉडेल अर्धंमुर्धं शिकत राहिलं, म्हणून चूक पटकन पकडता आली नाही. तेव्हापासून ट्रेनिंगच्या आधी पन्नास फोटोंवर चौकटी काढून ते डोळ्यांखालून घालते.

आता मास्क. इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे, कारण या एका चुकीत मुलांचे महिने जाताना बघितले आहेत. मास्कमधला आकडा म्हणजे नाव. समजा ० म्हणजे मागची पार्श्वभूमी, १ निरोगी पान, २ डावणी, ३ भुरी. ही नावं आहेत, त्यांची सरासरी काढता येत नाही. ० आणि ३ च्या मधोमध १ आणि २ येतात, पण पार्श्वभूमी आणि भुरी यांच्या मधोमध 'निरोगी पान' आणि 'डावणी' येत नाही. जेपेग मात्र कडेला अशीच सरासरी काढतं. आमच्या एका कामात मास्क ० आणि २५५ असे दोनच आकडे वापरून काढले होते, आणि कुणीतरी जागा वाचवायला ते जेपेगमध्ये साठवले. पडद्यावर काळं-पांढरं, अगदी स्वच्छ दिसायचं. नमपाय या पायथनच्या लायब्ररीत उघडून वेगळे आकडे काढले तर ०, १, २, ३, ५ करत २४९, २५२, २५५ पर्यंत रांग लागली. कोडमध्ये नियम होता: शून्य नसेल तो रोग. त्यामुळे प्रत्येक डागाभोवती ठोकळ्याठोकळ्यांचं खोट्या रोगाचं कडं तयार झालं. मॉडेल इमानदारीने ते कडंही शिकत होतं. दोन आठवडे आम्ही लर्निंग रेट बदलत बसलो होतो.

मास्क लहान-मोठा करतानाही हाच नियम: 'निअरेस्ट' (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा आकडा उचलणारं) वापरायचं, बायलिनियर (शेजाऱ्यांची सरासरी काढणारं) नाही. नाहीतर पीएनजीत ठेवूनही तीच सरासरी होते.

मास्कच्या पीएनजीतही एक फसवी जागा आहे. पास्कल व्हीओसी या जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या डेटासेटचे मास्क पॅलेटच्या पीएनजीत आहेत: प्रत्येक पिक्सेलला वर्गाचा क्रमांक, आणि तो क्रमांक कुठल्या रंगात दाखवायचा याचा तक्ता. वीस वर्ग, पार्श्वभूमीला ०, आणि वस्तूंच्या कडेला किंवा संदिग्ध जागी २५५, म्हणजे 'हे मोजू नका'. पिलोने उघडलं तर क्रमांक मिळतात. ओपनसीव्हीने करड्या रंगात उघडलं तर ते तक्त्यातला रंग घेतं आणि त्याचा करडा करतं. पहिला वर्ग विमानाचा, त्याचा रंग १२८, ०, ०. त्याचा करडा होतो ३८. दुसरा वर्ग सायकलचा, तो होतो ७५. कडेचे २५५ होतात २२०. व्हीओसी वापरणाऱ्या कुणी 'माझ्या मास्कमध्ये ३८ आणि ७५ कुठून आले' असं विचारलं, की पुढचं न ऐकताच उत्तर देता येतं. तुम्ही स्वतःचे मास्क करणार आहात, तेव्हा पॅलेट टाळा. एका चॅनेलचं, आठ बिटचं साधं पीएनजी, आत ०, १, २, ३. उघडल्यावर पूर्ण काळं दिसेल, घाबरू नका. बघण्यासाठी हवी तर रंगीत प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करा.

तुमच्या प्रकल्पात आज खोली (डेप्थ) किंवा अंतर नाही, पण पुढे स्टिरिओ (दोन भिंगांचा) कॅमेरा लावून घडाचा आकार काढायचं मनात असेल, तर सोळा बिटच्या पीएनजीची ओळख आत्ताच करून घ्या. कार्ल्सरूहेच्या किटी डेटासेटमध्ये अंतर सोळा बिटच्या पीएनजीत आहे: आकड्याला २५६ ने भागलं की मीटर. म्युनिकच्या टीयूएम आरजीबी-डीमध्येही सोळा बिटचं पीएनजीच, पण तिथे भागायचं ५००० ने. स्कॅननेटमध्ये आकडा मिलिमीटरमध्ये, म्हणजे १००० ने. तुमच्यासमोर ५००० हा पिक्सेल आहे. किटीत तो साडेएकोणीस मीटरवर आहे, टीयूएममध्ये एक मीटरवर, स्कॅननेटमध्ये पाच मीटरवर. फाइलचं एक्स्टेन्शन तिन्हीकडे तेच, आणि फाइलच्या आत हे कुठेही लिहिलेलं नाही. तिन्हीकडे ० म्हणजे 'मोजता आलं नाही', शून्य अंतर नव्हे. सरासरी काढताना ही शून्यं आत राहिली की आकडा खाली ओढला जातो.

आणि वाचताना ओपनसीव्हीच्या इमरीडला 'अनचेंज्ड' हा पर्याय देणं सक्तीचं आहे. नाही दिला तर ते सोळा बिटांतले वरचे आठ ठेवतं, खालचे आठ टाकतं. किटीत वरचे आठ बिट म्हणजे नेमके पूर्ण मीटर. १२.७ मीटरवरची वस्तू ३२५१ या आकड्याने साठवलेली असते, वाचल्यावर मिळतात १२. माझ्या एका विद्यार्थिनीने हे आकडे बघितले, १२, १३, ४७, आणि तिला वाटलं हे तर आधीच मीटरमध्ये आहेत. तिने २५६ ने भागायची ओळ काढून टाकली. सगळं चालू लागलं, नकाशे बरे दिसू लागले, फक्त प्रत्येक अंतर पूर्ण मीटरवर आलेलं. चुकीचा आकडा पटण्यासारखा असला की तो सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दशांशातले आकडे ठेवायचे असतील तर पर्याय बरेच आहेत, त्यावर फार रेंगाळत नाही. नमपायची एनपीवाय फाइल घरच्या कामाला उत्तम. बाहेर द्यायचं असेल तर बत्तीस बिटचं टिफ. फार मोठ्या पल्ल्याचा उजेड असेल तर ओपनईएक्सआर, जे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने सिनेमाच्या कामासाठी बनवलं आणि २००३ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. मिडलबरीच्या २०१४ च्या स्टिरिओ डेटासेटमधले खोलीचे आकडे पीएफएममध्ये आहेत. त्यात इमेजची सगळ्यात खालची ओळ आधी लिहिलेली असते, म्हणून स्वतः वाचणारा कोड लिहिलात तर चित्र उलटं दिसेल, तेवढं लक्षात ठेवा.

ड्रोन किंवा उपग्रहाच्या इमेज जोडणार असाल तर जिओटिफ. त्यात पिक्सेलबरोबर तो जमिनीवर कुठे पडतो हेही असतं, आणि ते पीएनजी केलं की हरवतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे मूळ पट्टे (बँड) जेपेग २००० या फॉरमॅटमध्ये येतात, ते नेहमीच्या जेपेगपेक्षा वेगळं प्रकरण आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण तिथेही आकड्याचा अर्थ बदलला आहे: परावर्तन १०,००० ने गुणून साठवतात, आणि २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत त्या आकड्यात १००० मिळवलेले असतात, ते वजा करावे लागतात. एकाच बागेची २०२१ आणि २०२३ ची हिरवाई शेजारी ठेवून कुणी 'वेली सुधारल्या' किंवा 'बिघडल्या' असं म्हटलं, तर मी आधी हे हजार वजा केले का ते विचारते. थर्मल कॅमेरा वापरलात तर आणखी जपून. फ्लिरच्या रेडिओमेट्रिक जेपेगमध्ये दिसणारं रंगीत चित्र फक्त दाखवण्यासाठी असतं, तापमानाचे खरे आकडे त्याच फाइलच्या पोटात वेगळे असतात. फोटो एडिटरमध्ये उघडून 'सेव्ह' केलं की चित्र राहतं, तापमान जाऊ शकतं.

कॅमेऱ्याचं रॉ, म्हणजे सेन्सरचे जवळपास कच्चे आकडे, कधी लागतं? रंग मोजायचा असेल तेव्हा. फोनचं जेपेग हाती येईपर्यंत फोनने त्यावर बरंच काम केलेलं असतं: धार वाढवली, कण पुसले, उजेड वाकवला. एसआरजीबीत १२८ म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं, प्रत्यक्षात तो सुमारे २२ टक्के असतो. 'डाग आहे की नाही' एवढंच सांगायचं असेल तर याने फरक पडत नाही. 'पानातलं हरितद्रव्य किती' असं आकड्यात सांगायचं असेल तर डीएनजी या रॉ फॉरमॅटमध्ये फोटो घ्या आणि प्रत्येक सत्रात एक करडं कार्ड फ्रेममध्ये धरा.

इमेजनेटबद्दल सीनियरचं म्हणणं खरं आहे. २०१२ च्या स्पर्धेतल्या ट्रेनिंगच्या १२ लाख ८१ हजार १६७ इमेज जेपेग म्हणूनच दिल्या आहेत. पण त्या इंटरनेटवरून गोळा केलेल्या होत्या आणि इंटरनेटवर फोटो बहुतेक जेपेगमध्येच असतात, म्हणून त्यावरून जेपेग रिसर्चला चांगलं असं ठरत नाही. आणि त्यातलीही एक फाइल नावाला जेपेग, आतून पीएनजी आहे, बावीस फाइली छपाईच्या सीएमवायके रंगांत आहेत. एवढ्या चोखाळलेल्या डेटासेटची ही कथा, तर व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलींच्या नावावर विश्वास कसा ठेवणार? पहिले बाइट वाचा. पीएनजी १३७, ८०, ७८, ७१ ने सुरू होतं, त्यातले शेवटचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. जेपेग २५५, २१६ ने. पाच ओळींचा कोड आहे.

एलएमडीबी, टीएफरेकॉर्ड, वेबडेटासेट या अनेक इमेज मोठ्या फाइलींत एकत्र बांधणाऱ्या पद्धतींच्या भानगडीत आत्ता पडू नका. लाखो छोट्या फाइली उघडताना डिस्क दमते तेव्हा त्यांची गरज. चार हजार फोटोंना साधा फोल्डर पुरतो, आणि फोल्डर उघडून डोळ्यांनी बघता येतो, ही सोय सुरुवातीला फार मोलाची असते.

तुमच्या जागी मी असते तर उद्या सकाळी तीन फोल्डर केले असते. 'मूळ' मध्ये सगळ्या फाइली जशा आल्या तशा, फक्त वाचता येतील अशा परवानगीने, आणि प्रत्येकीचा एसएचए-२५६ (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) एका यादीत. त्याच यादीत फोन कुठला, बाग कुठली (नावाऐवजी क्रमांक), फोटो कुठल्या वाटेने आला. 'काम' मध्ये दिशा सरळ केलेली, एसआरजीबीत आणलेली, कापलेली पीएनजी. 'मास्क' मध्ये एका चॅनेलची पीएनजी, नाव कामाच्या फाइलीशी तंतोतंत जुळणारं. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये: ० काय, १ काय, २ काय, ३ काय, २५५ वापरलाय का, लहान करताना कुठली पद्धत, कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती. डेटासेट बाहेर देण्याआधी एक्झिफमधले अक्षांश-रेखांश काढून टाका. शेतकऱ्याने तुम्हाला विश्वासाने फोटो दिला आहे, त्याच्या बागेत रोग आहे हे नकाशावर दाखवायची परवानगी दिलेली नाही.

आणि ट्रेनिंग सुरू करण्याआधी दोन गोष्टी मला पाठवा: सगळ्या मास्कमधले वेगळे आकडे कुठले येतात त्याची यादी, आणि नुसत्या फाइलच्या माहितीवर शिकवलेल्या डिसिजन ट्रीची अचूकता. पहिल्या यादीत चारपेक्षा (२५५ वापरला असेल तर पाचपेक्षा) जास्त आकडे असतील किंवा दुसरा आकडा मोठा आला, तर आपण आधी तिथेच बसू.